फासा पडण्याआधी

बाळा, क्लबात टेबलावर छोट्या शिपायांच्या मध्ययुगीन लढाया खेळायला जाणार आहेस म्हणे. बरं झालं. इकडे इंग्लंडातल्या क्लबांत बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो. हरलेला माणूस फाशाच्या नावानं बोटं मोडतो, पण डाव बहुतेक वेळा फासा पडण्याआधीच फिरलेला असतो. तेव्हा हे ध्यानात ठेव.

सुरुवात लहान फौजेनं कर. १९९० साली आलेला 'डीबीए' हा नियमसंच नवख्याला उत्तम. एका बाजूला बाराच तुकड्या, आणि १५ मिलिमीटरच्या शिपायांना दोन फुटी चौरस टेबल पुरतं. जमल्यास एकमेकांशी लढलेल्या दोन्ही फौजा तूच रंगव. समोरचा रिकाम्या हातानं आला तरी डाव अडत नाही.

शिपाई उचलायचा तो पायाखालच्या बेसला धरून. भाल्याला धरलास तर धातूचा वाकतो, प्लास्टिकचा मोडतो. रंगावर मॅट वार्निशचा एक हात दे. बेसखाली चुंबकी पट्टी आणि डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा लाव, म्हणजे बसच्या धक्क्यांनी सैन्य कोलमडत नाही.

मांडणी झाली की आधी बोलून घे. कुंपण ओलांडायला चालतं का? झाडीत घोडे शिरतात का? तिरका पडलेला फासा पुन्हा टाकायचा का? हेच प्रश्न ऐन हल्ल्यात निघाले की वाद होतो. चाल करतानाही हेतू तोंडानं सांग: "ही तुकडी टेकडीच्या कडेला, तुमच्या धनुर्धरांच्या टप्प्याबाहेर." समोरच्यानं मान डोलावली की मोजायची टेप लाव. मग हात लागून बेस जरा सरकला तरी कुणी हुज्जत घालत नाही.

डीबीएत पाळीला एकच फासा. जितके पडतील तितक्या चाली. ओळीत चिकटून उभा असलेला गट एका चालीत सरकतो, विखुरलेल्या तुकड्यांना मात्र प्रत्येकी एक लागते. म्हणून ओळ मोडायची घाई नको, एक पडला तरी पुढे सरकता आलं पाहिजे. आणि शत्रूची बगल शोध. एक तुकडी त्याच्या बगलेला भिडवलीस आणि दुसरीनं त्याला समोरून मागे रेटलं, की तो मागे सरत नाही, थेट टेबलावरून उठतो. चार तुकड्या, त्याही शत्रूपेक्षा जास्त, गेल्या की डाव आटोपला.

डॅनियल मर्सी यांच्या 'लायन रॅम्पंट' या नियमसंचाचा नूर वेगळा. इथे प्रत्येक पथकाला हुकूम देताना दोन फासे टाकायचे, आणि एक हुकूम फसला की पाळी समोरच्याकडे. सोपं आधी उरकून घ्यायचा मोह होतो, तो आवर. ज्यावाचून अडेल ते आधी. चिलखती घोडेस्वार तर शत्रू टप्प्यात दिसला की न विचारताच धावू बघतात. त्यांना सोडायचं नसेल तेव्हा टप्प्याबाहेर ठेव, समजूत घालण्यात वेळ नको.

खरी लढाई मांडताना आधी जमीन मांड. अजिंकूरला २५ ऑक्टोबर १४१५ रोजी दोन्ही अंगांना झाडी होती, मध्ये पावसानं भिजलेली नांगरट. जड चिलखतातले फ्रेंच त्या चिखलातून चालत आले, आणि पुढे अणकुचीदार खुंट रोवून इंग्रज धनुर्धर उभे होते. कोरड्या हिरव्या चटईवर खेळलास तर संख्येच्या बळावर फ्रेंच सहज जिंकतील आणि तुला काहीच कळणार नाही. १३०२ साली कोर्त्रेला फ्लेमिश पायदळासमोर ओहोळ नि चर होते, ते कापडाच्या पट्ट्यांनी दाखव. क्रेसीला, १३४६ साली, जिनोव्हाचे आडधनुष्यवाले आपल्या मोठ्या ढालींविना पुढे पाठवले गेले. तिथे त्यांना ढालीचा फायदा देऊ नकोस.

डाव संपला की हात मिळव आणि विचार, "माझी कुठली चाल चुकली?" समोरच्याला ती तुझ्याआधी दिसलेली असते. मग झाडं, टेकड्या खोक्यांत भर, खुर्च्या रचायला हात लाव. आवरायला थांबणाऱ्याला पुढच्या आठवड्याला जोडीदार शोधावा लागत नाही.