आज्ञेवाचून चालणारे घर

मुलांनो, गांधीलमाशीचे पोळे तुम्ही पाहिले असेलच. नाशिकच्या आमच्या शाळेच्या पडवीत, छपराच्या वाशाला असेच एक लहानसे पोळे होते. दोन मुले काठी घेऊन ते पाडावयास निघाली. मी त्यांना थांबविले व म्हणालो, "आठ दिवस दुरून पाहा; मग काय ते ठरवू."

मुले पाहू लागली. लाकडाचे तंतू खरवडून व लाळेत कालवून माशांनी कागदासारख्या षट्कोनी कोठड्या रचल्या होत्या. कोणी सुरवंट पकडून आणी, कोणी ते कोठड्यांतील पिल्लांना भरवी, तर कोणी बांधकाम करी. एका मुलाने विचारले, "गुरुजी, ही कामे राणीच नेमून देते ना?"

याच प्रश्नाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर व त्यांचे सहकारी यांनी कित्येक वर्षे केला. दक्षिण भारतात सर्वत्र आढळणारी 'रोपालिडिया मार्जिनाटा' ही गांधीलमाशी त्यांनी निवडली. प्रत्येक माशी ओळखू यावी म्हणून तिच्या अंगावर रंगाचे ठिपके दिले व प्रत्येकीची वागणूक टिपली. तेव्हा असे दिसले, की राणी अगदी शांत असते. ती अंडी घालते. परंतु कोणालाही कामास जुंपत नाही. कामकरी माशाच एकमेकींना ढुसण्या देतात आणि त्यांतून अन्नासाठी बाहेर पडणे घडते. पोळ्यात अन्न कमी झाले की ढुसण्या वाढतात; भरपूर झाले की त्या कमी होतात.

मग राणी नसली तर? राणीच्या अंगचे एक गंधद्रव्य ती असल्याची खूण सर्वांना पटविते. तिला पोळ्यावरून दूर केले, की थोड्याच मिनिटांत एक कामकरी माशी फार आक्रमक होते. राणी परतली नाही, तर तीच पुढे राणी होते, आणि मग तीही शांत होते. घर मोडत नाही.

आठ दिवसांनी मी पडवीत गेलो. काठी कोपऱ्यात पडून होती. लहान मुलांनी पोळ्याखाली जाऊ नये म्हणून तेथे दोरी बांधलेली होती. ती बांधावयास मी कोणालाही सांगितले नव्हते.

स्वाध्याय
१. गांधीलमाशा पोळे कशाचे बनवितात?
२. अन्न कमी झाल्याचा माशांच्या वागण्यावर काय परिणाम होतो?
३. मुलांनी दोरी का बांधली असेल? तुमच्या शब्दांत लिहा.