बेसिकच्या पोटात मशीन कोड

मायक्रोप्रोसेसरच्या प्रॅक्टिकलला ८०८५ किटवर सबरूटीन संपवताना आपण 'सी९' भरतो. दशमान पद्धतीत तो आकडा २०१, अर्थ 'रिटर्न'. हाच कोड १९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावरही चालतो, कारण त्यातला झेड८० आणि आपला ८०८५ हे दोघेही ८०८० च्याच घराण्यातले. डेसिबेल्स कंपनीने याच संगणकाची 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' ही परवानाधारक आवृत्ती भारतात आणली होती.

स्पेक्ट्रमवर बेसिक सोपं, पण हळू. लूपमधली ओळ इंटरप्रिटर दर फेरीला नव्याने वाचतो. स्क्रीनचे ठिपके १६३८४ या पत्त्यापासून ६१४४ बाइटमध्ये असतात. ते फॉर-नेक्स्ट आणि पोक वापरून भरायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जातो. म्हणून वेगाचं काम मशीन कोडकडे द्यायचं:

१० क्लिअर ३१९९९
२० फॉर आय = ३२००० टू ३२०१३
३० रीड ए : पोक आय, ए : नेक्स्ट आय
४० रँडमाइझ यूएसआर ३२०००
५० डेटा ३३,०,६४,१७,१,६४,१,२५५,२३,५४,२५५,२३७,१७६,२०१

'क्लिअर'मुळे ३१९९९ च्या वरच्या जागेला बेसिक हात लावत नाही. 'पोक' तिथे चौदा बाइट ठेवतो. 'यूएसआर' त्या पत्त्यावर उडी मारतो. पहिल्या घरात २५५ ठेवायचा आणि प्रत्येक घरातला आकडा पुढच्या घरात उतरवत जायचा, एवढंच काम. ते २३७,१७६ म्हणजे 'एलडीआयआर' ही एकच सूचना करते. ती ८०८५ ला नाही. बाकीच्या सगळ्या आहेत. स्क्रीन सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत काळा होतो!

पण बेसिक चुकलं की एरर दाखवतं, मशीन कोड दाखवत नाही. शेवटचा २०१ राहिला, तर प्रोसेसर पुढच्या मेमरीत जे सापडेल ते सूचना समजून चालवत सुटतो. मशीन अडकतं किंवा रीसेट होतं आणि टाइप केलेला सगळा प्रोग्रॅम जातो. म्हणून 'रन' करण्याआधी कॅसेटवर सेव्ह करायचं, हा नियम.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की वेग हवा तर सांभाळण्याची जबाबदारीही आपलीच. आज पायथनमधून नमपाय वापरताना जड हिशेब आतला सी भाषेतला कोड करतो, तोही याच जातीचा व्यवहार.

विट्यात जुना स्पेक्ट्रम शोधत बसू नका. हॉस्टेलच्या पीसीवर फुकट एम्युलेटर चालतो. ५४ नंतरचा २५५ बदलून १७० करा. स्क्रीनवर काय दिसेल, ते आधी कागदावर बायनरीत मांडून ओळखा, मगच रन करा.