ॲस्पिरिन, सोडा आणि मूत्रपिंड

ईथरमध्ये ॲस्पिरिन आणि डांबरगोळीतले नॅप्थलीन एकत्र विरघळले असेल, तर ते वेगळे कसे करायचे? प्रयोगशाळेत त्यात खाण्याच्या सोड्याचे पाणी घालून हलवतात. ॲस्पिरिन हे आम्ल. सोड्याने त्याचा क्षार होतो व तो खालच्या पाण्यात उतरतो. नॅप्थलीन वरच्या ईथरमध्येच राहते.

हाच नियम मूत्रपिंडात चालतो. ॲस्पिरिनचे शरीरात सॅलिसिलिक आम्ल बनते. लघवी आम्लधर्मी असेल, तर त्यातले बरेचसे परत रक्तात शिरते. अल्कधर्मी केली, तर ते क्षाररूपाने लघवीतच अडकते व बाहेर पडते. म्हणून ॲस्पिरिनच्या विषबाधेत रुग्णालयात शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात.

मात्र घरी सोडा पाजू नये. त्याने पोटातल्या गोळ्या लवकर विरघळून विष रक्तात वेगाने भिनते.

सांधेदुखीवर चोळायचे विंटरग्रीन तेल याच जातीचे. शुद्ध तेलाच्या ५ मिलिलिटरमध्ये, म्हणजे चहाच्या चमचाभरात, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतका विषारी अंश असतो. लहान मुलाचा जीव त्याने जाऊ शकतो. बाटली कुलुपात ठेवा. मूल ते प्यायल्याचा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता बाटलीसह रुग्णालय गाठा.