रुग्णाच्या सान्निध्यातील मानसशास्त्र
चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कसा घडतो?

एखाद्याचे वागणे जगावेगळे वाटले, की ‘याला ठाण्याला पाठवा’ असे थट्टेने म्हणण्याची रीत मुंबई परिसरात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. या थट्टेतले ठाणे म्हणजे तेथील मनोरुग्णालय. १९०१ साली स्थापन झालेले आणि पूर्वी नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने ओळखले जाणारे हे रुग्णालय आज पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथील रुग्णालयांप्रमाणे शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. अशी रुग्णालये उपचाराची तशीच शिक्षणाचीही स्थाने असतात. प्रौढांच्या मनोविकारांची ओळख ग्रंथांतून होते. पण रुग्णाशी बोलावे कसे, हे रुग्णाजवळ बसल्यावाचून कळत नाही.

कायद्याची अपेक्षा

मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळाली म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने या व्यावसायिकाची व्याख्याच करून ठेवली आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची अर्हता किंवा पदव्युत्तर पदवीनंतरचा दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम तीत अपेक्षित आहे आणि त्या अभ्यासक्रमात पर्यवेक्षणाखालील रुग्णालयीन प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. नव्या शिक्षण धोरणानुसार अभ्यासक्रमांची नावे व रचना बदलत आहेत. प्रत्यक्षानुभवाचे महत्त्व मात्र त्यामुळे कमी होत नाही.

या आग्रहाचे कारण उघड आहे. शिकाऊ हातून कापड बिघडले, तर नुकसान कापडाचे होते. येथे चुकीचा निष्कर्ष किंवा अवेळी दिलेला सल्ला दुःखात असलेल्या माणसावर जाऊन आदळतो. विद्यार्थ्याने शिकावे, परंतु त्याची किंमत रुग्णाने मोजू नये, यासाठीच पर्यवेक्षकाची योजना असते. प्रशिक्षणार्थी प्रथम अनुभवी व्यक्तीची मुलाखत नुसती पाहतो. त्यानंतर तिच्या समक्ष स्वतः मुलाखत घेतो. पुढे स्वतंत्रपणे रुग्ण पाहू लागला, तरी प्रत्येक रुग्णाची नोंद पर्यवेक्षकापुढे ठेवून तिची चर्चा करतो.

रुग्णाची भाषा

प्रशिक्षणाचा पहिला धडा पूर्वेतिहास घेण्याचा असतो. त्रास केव्हा सुरू झाला, झोप व भूक कशी आहे, घरात पूर्वी कोणास असा आजार होता काय, कामधंदा कसा चालला आहे, हे सारे क्रमाने विचारावे लागते. त्यानंतर मनःस्थितीचे परीक्षण होते. रुग्णाचा पेहराव, बोलण्याची गती, विचारांची संगती, भास वा भ्रम, स्मरण आणि स्वतःच्या आजाराची जाणीव या गोष्टी त्यात टिपल्या जातात.

येथे ग्रंथांची भाषा अपुरी पडते. ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगणारा रुग्ण विरळा. कोणी म्हणतो, ‘जीव घाबरतो’. कोणी म्हणतो, ‘डोक्याला मुंग्या येतात’. एखादी वृद्धा ‘कशात मन लागत नाही’ एवढेच सांगून गप्प बसते. ‘बाहेरचे झाले आहे’ असे सांगत नातेवाईक देवऋषाकडून थेट रुग्णालयात आलेले असतात. ठाणे-कल्याण पट्ट्यात आगरी बोलणारे, कोकणातून व घाटावरून आलेले, हिंदी, गुजराती वा सिंधी बोलणारे असे नाना प्रकारचे रुग्ण असतात. त्यांच्या शब्दांना न हसता, घाईने पारिभाषिक नाव न देता, त्यांमागचा त्रास ओळखणे ही या शिक्षणातील मोठी कसोटी आहे.

चाचण्यांनाही हेच लागू पडते. व. वा. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी व कानडी मुलांसाठी बसवली, त्यामागेही हीच दृष्टी होती. परकीय समाजात तयार झालेल्या मापाने येथील माणूस जसाच्या तसा मोजता येत नाही.

टाळू नये असा प्रश्न

नवख्या प्रशिक्षणार्थ्याची जीभ अडखळते ती एका प्रश्नापाशी. समजा, डोंबिवलीचा एक गृहस्थ नोकरी गेल्यापासून महिनाभर झोपलेला नाही. तो सहज म्हणतो, ‘आता सगळ्यांना सोडवावे असे वाटते.’ प्रशिक्षणार्थी चपापतो आणि विषय बदलतो. आत्महत्येबद्दल विचारले तर तो विचार रुग्णाच्या मनात भरेल, अशी त्याला धास्ती वाटते. ही धास्ती निराधार आहे. शांतपणे व स्पष्टपणे विचारल्याने धोका वाढत नाही. उलट, पुष्कळदा रुग्णाला मोकळे वाटते आणि संरक्षणाचे उपाय वेळीच योजता येतात. अशा प्रसंगी पर्यवेक्षक प्रशिक्षणार्थ्याला रुग्णाकडे परत नेतो, तो प्रश्न विचारायला लावतो आणि उत्तराची जबाबदारी स्वतः घेतो. हा धडा केवळ पुस्तकातून मिळत नाही.

गुप्ततेचे व्रत

कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला येणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस लोकल गाडीच्या गर्दीत सुरू होतो व तेथेच संपतो. दिवसभरात ऐकलेली हकीकत त्या गर्दीत मित्राला सांगण्याचा मोह मोठा असतो. पण शेजारच्या आसनावर त्याच रुग्णाचा भाऊ बसलेला असू शकतो. रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा २०१७ च्या कायद्याने त्याला दिलेला हक्क आहे. ती राखण्याची सवय प्रशिक्षणातच लागावी लागते.

गरज मोठी, हात थोडे

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांमध्ये मानसिक विकार आढळले. निरनिराळ्या विकारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचेही त्यात दिसून आले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम व १९९६ साली जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. जिल्हा पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञालाही स्थान आहे. हे स्थान योग्य माणसाने भरायचे, तर प्रशिक्षणाच्या जागा व अनुभवी पर्यवेक्षक दोन्ही वाढावयास हवेत.

नागरिकांनाही यात वाटा उचलता येईल. उपचारासाठी जाताना संबंधित व्यक्तीची पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे काय, हे विचारण्यात संकोच नसावा. तातडीच्या मानसिक साहाय्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. आणि रुग्णालयात एखादा तरुण प्रशिक्षणार्थी वही घेऊन समोर बसला, तर रुग्णाने व आप्तांनी, स्वतःची इच्छा असेल तर, त्याच्याशी मनमोकळेपणाने बोलावे. नको असल्यास तसे सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आज त्याला मिळालेला विश्वास उद्या अनेक घरांच्या उपयोगी पडेल.