बंद घराची निगा : गावी जाताना कूलर, फ्रिज, गीझर यांचे काय करावे?

कतारगामात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांची मूळ गावे खानदेशात, तर काहींची कोकणात व देशावर आहेत. त्यामुळे आखाजीला व मुलांच्या उन्हाळी सुटीत, गौरीगणपतीला आणि दिवाळीत आपली घरे कित्येक दिवस बंद राहतात. निघताना तिकिटे, दागिने व कुलपे यांची काळजी सर्वजण घेतात. परंतु घरातील गार-गरम करणाऱ्या यंत्रांचा विचार बहुधा रिक्षा दारात आल्यावरच सुचतो. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्यात पैसा, आरोग्य आणि प्रसंगी मागे राहिलेल्या वृद्धांचा जीवही गुंतलेला असतो. म्हणून त्याचा थोडा पद्धतशीर विचार आम्ही येथे करीत आहोत.

बंद घराचा शत्रू कोण?

कॅनडा-अमेरिकेतील आपली मुले हिवाळ्यात बाहेरगावी जाताना घर तापवणारे यंत्र बंद करीत नाहीत, केवळ मंद करतात. कारण पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते व भिंतीतील नळ फुटतात. तिकडे शत्रू थंडी आहे. आपल्याकडे तो उन्हाळा आहे असे वाटेल, पण ते खरे नाही. रिकाम्या खोलीत ऊन साठले तरी भिंतींचे व भांड्यांचे काही बिघडत नाही. सुरतेत तापीचे पात्र व समुद्र जवळ असल्याने हवेत ओल फार. येथील खरा शत्रू ती ओलच होय. 30 अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरू शकते, 20 अंशांची केवळ 17 ग्रॅम. हवा निवली की वरचे बाष्प पाणी होऊन भिंतीवर, कपाटात व गादीत उतरते आणि तेथे बुरशी धरते. सबब, बंद घर गार ठेवण्यापेक्षा कोरडे ठेवणे महत्त्वाचे.

रिकाम्या घराला गारवा नको

एसी पूर्ण बंद करण्यापेक्षा मंद चालू ठेवला तर परतल्यावर वीज कमी लागते, अशी एक समजूत आहे. तिची परीक्षा गळक्या रांजणाच्या दाखल्याने करावी. रांजण महिनाभर काठोकाठ भरून ठेवला, तर गळती जोरात व अखंड चालते. रिकामा होऊ दिला आणि परतल्यावर एकदाच भरला, तर एकूण पाणी कमी लागते. तद्वत, घर बाहेरच्यापेक्षा जितके गार, तितकी उष्णता जोराने आत शिरते व ती बाहेर काढण्यास वीज लागते. पंखा तर हवा गार करीतच नाही, अंगावरचा घाम वाळवतो. ज्या खोलीत माणूस नाही तेथे पंख्याचा उपयोग शून्य.

एसी बंद करण्यापूर्वी अर्धा तास केवळ पंख्यावर चालवावा, म्हणजे आतली ओल वाळून बुरशी धरत नाही. मग रिमोटवर न थांबता भिंतीवरचा स्विच बंद करावा. रिमोटने झोपवलेली यंत्रे थोडी वीज घेतच राहतात. सर्व मिळून 10 वॉट घेऊ लागली, तरी 30 दिवसांत 7 युनिटांहून अधिक वीज जाते.

कूलर

जळगाव-भुसावळच्या कोरड्या उन्हात कूलर उत्तम काम देतो, कारण तेथील हवा पाणी झटपट शोषते. सुरतेच्या दमट हवेत तोच कूलर गारवा थोडा व ओल फार देतो. शिवाय टाकीत राहिलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊ नये. टाकीच्या कडा घासून, पुसून, उन्हात वाळवाव्यात. फ्रिजच्या मागची पाण्याची थाळीही विसरू नये.

फ्रिज, गीझर व इन्व्हर्टर

आठ-दहा दिवसांसाठी जात असाल तर नासणारे पदार्थ काढून फ्रिज चालू ठेवावा. बर्फाच्या वाटीवर एक नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे तळाशी दिसले, तर मध्ये वीज जाऊन बर्फ वितळला होता असे समजावे व उरलेले अन्न टाकून द्यावे. महिनाभर जायचे असेल तर फ्रिज रिकामा करून, पुसून, बंद करावा आणि दारात नॅपकिनची घडी घालून ते किंचित उघडे ठेवावे. बंद व ओल्या फ्रिजला बुरशी धरते.

गीझर चालू राहिला तर पाणी निवते, पुन्हा तापते, आणि हे चक्र कोणी न वापरता चालत राहते. तो भिंतीवरच्या स्विचने बंद करावा. गॅसचा वॉल्वही बंद करावा.

इन्व्हर्टर असलेल्या घरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेन स्विच बंद केला की वीज गेली असे समजून इन्व्हर्टर बॅटरीवर घर चालवू लागतो व बॅटरी पार उतरते. म्हणून मेन बंद करावयाचा असेल तर आधी इन्व्हर्टर बंद करावा. फ्रिज चालू ठेवावयाचा असेल तर मेनला हात न लावता इतर खोल्यांचे स्विच तेवढे पाडावेत.

पावसाळ्यातील प्रवास

गौरीगणपतीला जाताना ओलीची काळजी दुप्पट घ्यावी. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत, त्यांची दारे किंचित उघडी ठेवावीत, अर्धवट वाळलेला एकही कपडा आत ठेवू नये. मातीच्या भांड्यात निम्म्यापर्यंत कळीचा चुना ठेवल्यास तो ओल शोषतो. चुना ओलीने फुगतो व अंग भाजतो, म्हणून भांडे भरू नये व मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. शेजाऱ्यांकडे किल्ली दिल्यास उघडीप पडलेल्या दिवशी दुपारी तासभर खिडक्या उघडण्यास सांगावे. पाऊस चालू असताना उघडल्यास उलट ओलच आत येते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी फ्रिज, बॅटरी उंचावर ठेवावी. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला होता, हे कोणी विसरू नये.

जे मागे राहतात

पुष्कळ वेळा घर पूर्ण बंद नसते. आजी किंवा आजोबा मागे राहतात. बिलाच्या धाकाने ते कूलर वा एसी लावीत नाहीत. मे 2010 मध्ये अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. सुरतेत पारा इतका चढत नसला तरी दमट हवेत घाम वाळत नाही, आणि म्हातारपणी तहानही कमी लागते. म्हणून रिकाम्या घराच्या गारव्यात वाचवलेले युनिट मागे राहिलेल्या माणसासाठी खुशाल खर्चावेत. पश्चिमेच्या खिडक्या दिवसा झाकाव्यात, रात्री उघडाव्यात. सकाळ-संध्याकाळ फोन करावा व एका शेजाऱ्याने प्रत्यक्ष डोकावून जावे. अंग तापलेले व बोलणे असंबद्ध दिसल्यास वाट न पाहता अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि 108 क्रमांकास बोलवावे.

परतल्यावर

दार उघडताच एसी लावू नये. अर्धा तास खिडक्या उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी. नळांचे साचलेले पाणी वाहू द्यावे. गीझरच्या नळाला पाणी येते आहे याची खात्री करूनच तो लावावा; पाणी चांगले तापू द्यावे व ते पहिले पाणी ओतून द्यावे. मुक्कामी साचलेल्या पाण्यात रोगजंतू वाढलेले असू शकतात.

या सूचनांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही, निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक तास लागतो. आणि शेजाऱ्याची किल्ली तर यंत्रांहून मोलाची आहे. ज्या वाडीत व ज्या सोसायटीत एकमेकांच्या किल्ल्या विश्वासाने सांभाळल्या जातात, तेथे कोणाचेही घर खऱ्या अर्थाने बंद नसते. आपल्या न्यासाच्या कुटुंबांत हा विश्वास असाच वाढत राहो, हीच या महोत्सवी वर्षात आमची इच्छा.