मात्रास्पर्श आणि तितिक्षा

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील १४ व्या श्लोकात भगवंत अर्जुनास सांगतात, की इंद्रियांचा विषयांशी संयोग झाल्याने शीत-उष्ण आणि सुख-दुःख उत्पन्न होते. ते येते आणि जाते, म्हणून सहन करावे. कित्येक श्रद्धाळू गृहस्थ या उपदेशाचा अर्थ असा घेतात, की दुखणे अंगावर काढणे हीच तितिक्षा. तो अर्थ बरोबर आहे काय, हे ठरविण्यापूर्वी स्पर्शज्ञान कसे होते ते पाहिले पाहिजे.

त्वचेत ज्ञानतंतूंची असंख्य टोके पसरलेली असतात. त्यांच्या आवरणात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असून प्रत्येकाचे काम निराळे असते. कोणी दाबाने उघडते, कोणी थंडीने, कोणी उष्णतेने. द्वार उघडताच विद्युत्भारित कण आत शिरतात आणि विजेची लहर मेंदूकडे निघते. उष्णतेचे एक द्वार सुमारे ४३ अंश सेल्सियसला उघडते. मिरचीतील तिखट द्रव्यानेही तेच उघडते, म्हणून जिभेची आग होते. उष्णतेची व स्पर्शाची अशी द्वारे शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पायाला ठेच लागली, की प्रथम तीव्र कळ येते आणि मागाहून ठणका सुरू होतो. कळेची वार्ता पातळ वेष्टनाचे तंतू सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने नेतात. ठणक्याची वार्ता नेणाऱ्या उघड्या तंतूंचा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर असतो. मेंदूत वेदनेचे स्थान व प्रमाण काही भागांत कळते. ती नकोशी वाटणे मुख्यतः इतर भागांत उत्पन्न होते. वार्ता आणि उद्वेग ही दोन निराळी आहेत.

याच श्लोकावरील भाष्यात श्रीशंकराचार्य म्हणतात, की शीत कधी सुख देते, कधी दुःख. याची प्रचीती घरीही घेता येते. एक हात सोसेल इतक्या ऊन पाण्यात व दुसरा थंड पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोन्ही कोमट पाण्यात घालावेत. तेच पाणी एका हातास थंड व दुसऱ्यास ऊन लागते. इतक्या चंचल मापावर चित्ताची शांती अवलंबून ठेवू नये, हा भगवंतांचा आशय होय.

परंतु वार्ताच बंद पडली तर काय होते? वेल्लोर येथे कुष्ठरोग्यांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की त्या रुग्णांचे हातपाय झिजण्यास बधिरताच मुख्यतः कारण असते. भाजलेले वा कापलेले कळत नाही, म्हणून जखम चिघळते. दीर्घकाळच्या मधुमेहातही पाय असेच बधिर होतात. बोचलेला खडा कळत नाही आणि पाय गमावण्याची वेळ येते.

यावरून वेदना ही देहाची पहारेकरीण आहे, हे ध्यानात यावे. तिची हाक न ऐकणे ही तितिक्षा नव्हे. सतराव्या अध्यायाच्या १९ व्या श्लोकात मूढ आग्रहाने स्वतःस पीडा देऊन केलेले तप तामस म्हटले आहे. गृहस्थाच्या देहावर तर वृद्ध माता-पिता व मुले यांचा भार असतो. म्हणून दुखणे वेळीच वैद्यास दाखवावे, घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळवे रोज पाहावेत. आणि योग्य उपचारानंतरही जे दुःख उरेल, ते विलाप न करता सोसावे. वार्ता ऐकावी, उद्वेग सोडावा, हीच गृहस्थाची तितिक्षा होय.