एक रूळ, अनेक इंजिने

प्रास्ताविक

एका कंपनीचा भ्रमणध्वनी दुसऱ्या कंपनीच्या चार्जरला जुळेल का, असा प्रश्न आपल्याला अनेकदा पडतो. प्रतिकृती रेल्वेचा छंद जोपासणाऱ्या युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळींपुढे असाच प्रश्न गेली चार दशके उभा आहे. प्रस्तुत पाठात त्यांच्या रेल्वेच्या नियंत्रणपद्धतींची तुलना केली आहे. ती वाचताना तुलना कोणत्या निकषांवर केली आहे, याकडे लक्ष द्या.

मूळ पाठ

प्रतिकृती रेल्वे म्हणजे खऱ्या आगगाडीची प्रमाणबद्ध लहान आवृत्ती. ‘एच-झिरो’ या लोकप्रिय प्रमाणात ती मूळ गाडीच्या १/८७ असते आणि दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असते.

जुन्या पद्धतीत रुळांतील विजेचा दाब वाढवला की गाडीचा वेग वाढे आणि विजेची टोके उलट जोडली की गाडी उलट दिशेने जाई. मात्र एकाच रुळावर दोन इंजिने असली, तर दोन्ही एकदमच धावू लागत. त्यामुळे मार्गाचे अलग तुकडे करून प्रत्येकाला स्वतंत्र बटण बसवावे लागे.

अंकीय पद्धतीने ही अडचण दूर केली. या पद्धतीत रुळांतून वीज सतत वाहते आणि तिच्याबरोबरच सांकेतिक आज्ञा जातात. प्रत्येक इंजिनात ‘डिकोडर’ नावाचा छोटा विद्युत्-घटक असतो आणि त्याला स्वतःचा क्रमांक असतो. वर्गात हजेरी घेताना ज्याचे नाव पुकारले जाते, तोच विद्यार्थी उत्तर देतो. त्याचप्रमाणे ज्या क्रमांकाला आज्ञा असेल, तेच इंजिन ती पाळते.

या पद्धती एकाच वेळी जन्मल्या नाहीत. ब्रिटनमधील हॉर्नबी कंपनीने १९८० च्या सुमारास ‘झिरो वन’ ही पद्धत आणली. तिच्यात १६ इंजिने हाताळता येत. १९८० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने आपली अंकीय पद्धत बाजारात आणली. तिच्यात ८० क्रमांक आणि वेगाच्या १४ पायऱ्या होत्या. ‘डीसीसी’ ही तिसरी पद्धत जर्मनीतील लेंझ कंपनीच्या कामातून पुढे आली. अमेरिकेतील प्रतिकृती रेल्वेच्या राष्ट्रीय संघटनेने १९९० च्या दशकात ती मानक म्हणून स्वीकारली आणि तिचे नियम सर्वांसाठी खुले केले.

सोयीच्या दृष्टीने मेर्क्लिनची पद्धत सरस ठरते. २००४ मध्ये आलेल्या तिच्या ‘एमएफएक्स’ या सुधारित रूपात इंजिन रुळावर ठेवताच ते स्वतःची ओळख नियंत्रण-केंद्राला कळवते. डीसीसीमध्ये सामान्यतः इंजिनाचा क्रमांक आपणच नेमून द्यावा लागतो. मात्र तिच्यात चार अंकी क्रमांक देता येतात, वेगाच्या १२८ पायऱ्यांपर्यंत सोय असते आणि निरनिराळ्या कंपन्यांची इंजिने एकाच मार्गावर धावू शकतात.

या खुलेपणालाही मर्यादा आहे. नियंत्रण-केंद्राकडून रुळांवाटे इंजिनाला जाणारी आज्ञा मानकाने ठरवून दिली आहे. पण केंद्र आणि हाती धरण्याचा नियंत्रक यांमधील जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. लेंझची ‘एक्सप्रेसनेट’ आणि डिजिट्रॅक्सची ‘लोकोनेट’ ही त्याची उदाहरणे होत. म्हणून ‘डीसीसी’ ही अक्षरे पाहून कोणताही नियंत्रक विकत घेणारा ग्राहक फसू शकतो.

तिसरा निकष टिकाऊपणाचा आहे. ‘झिरो वन’ काही वर्षांतच बंद पडली. तिच्या डिकोडरना डीसीसीच्या आज्ञा कळत नाहीत. त्यामुळे ते बसवलेली इंजिने नव्या मार्गावर चालवायची, तर डिकोडर बदलावे लागतात. पुढे हॉर्नबीनेही डीसीसी स्वीकारली. फेब्रुवारी २००९ मध्ये मेर्क्लिनला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कंपनी तगली आणि २०१३ मध्ये नव्या मालकांकडे गेली. परंतु एकाच उत्पादकावर विसंबून वर्षानुवर्षे संग्रह जमवण्यात कोणता धोका असतो, हे त्या काळात अनेकांच्या ध्यानी आले. पुढील काळात मेर्क्लिनच्या नियंत्रण-केंद्रांना डीसीसीच्या आज्ञाही देता येऊ लागल्या.

थोडक्यात, घरी एकाच कंपनीच्या मोजक्या गाड्या असतील, तर तिचीच पद्धत सुखाची. संग्रह वाढवायचा असेल, तर खुले मानक अधिक भरवशाचे. वस्तू घेताना तिची आजची सोय आणि उद्याची उपलब्धता हे दोन्ही पारखणे, हाच खरा शहाणपणा होय.

स्वाध्याय

१. जुन्या पद्धतीत मार्गाचे तुकडे का करावे लागत?
२. लेखकाने तुलनेसाठी कोणते तीन निकष वापरले आहेत?
३. ‘खुलेपणालाही मर्यादा आहे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
४. आपल्या वापरातील कोणत्याही दोन वस्तूंची याच निकषांवर आठ ते दहा ओळींत तुलना करा.